विचारतील तेव्हा सांगू?

शिक्षिकेने वर्गात शिकवावं, पालकांना कळवत बसणं हे तिचं काम नाही, ज्याला मुलाची काळजी आहे तो येऊन विचारेलच, असं एक मत भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळींत सध्या ठसक्यात मांडलं जातं. मांडणारे गृहस्थ इथल्या पोलादाच्या प्लँटमधून निवृत्त झालेले, प्लँटच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्येच लहानाचे मोठे झालेले. निमित्त एका प्राथमिक शाळेतल्या तरुण बाईंचं. शाळा उघडल्याबरोबर त्यांनी पहिलीतल्या मुलांच्या घरी फेरी मारली आणि ज्यांची गाठ पडली नाही त्यांना फोनवर आवाजी निरोप पाठवले. गृहस्थांच्या मते हे पालकांचे लाड. वर हुकमी पत्ता: ‘आमच्या वडिलांना आम्ही कितवीत आहोत हेसुद्धा माहीत नसायचं, तरी आम्ही इंजिनिअर झालोच की!’

वडिलांना माहीत नसायचं, हे मला मान्य आहे. आईला माहीत असायचं. ती या गोष्टीत कुठेच येत नाही, याचं मात्र नवल वाटत नाही.

पण मुद्दा आईपाशी संपत नाही. 1955 साली या प्लँटसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातली कितीतरी घरं ट्रंका बांधून इकडे आली. त्यांना मिळालं काय? क्वार्टर प्लँटचं, दवाखाना प्लँटचा, शाळा प्लँटची. शाळेतल्या बाई दोन स्ट्रीट पलीकडे राहायच्या. भाजीबाजारात भेटायच्या, गणपतीत भेटायच्या, सेक्टर नऊच्या दवाखान्यात रांगेत पुढेमागे उभ्या असायच्या. पोरगा गणितात कच्चा आहे ही बातमी कोथिंबिरीच्या जुडीबरोबर घरी पोचायची. म्हणजे कळवलं जात होतंच, आणि तेही न विचारता. त्यासाठी कुणाला वेगळे कष्ट पडत नव्हते, एवढाच फरक. गृहस्थांनी त्या वसाहतीचा फायदा सगळा घेतला आणि आता तो स्वतःच्या जिद्दीच्या खात्यावर जमा केला आहे.

आजच्या पहिलीतलं मूल त्या वसाहतीत राहत नाही. ते खुर्सीपारला राहतं, कॅम्पात राहतं, सुपेल्याला नाहीतर जामुलला राहतं. बाप ठेकेदाराकडे. प्लँटमधली कायम नोकरी आटली, ठेका वाढला, प्लँटच्या कित्येक शाळा बंद झाल्या. ज्या बापाची पाळी सकाळी सहा ते दोन आहे त्याने अकरा वाजता शाळेच्या दारात उभं राहून विचारायचं म्हणजे त्या दिवसाची हजेरी सोडायची. रात्रपाळीवाल्याने झोप सोडायची. आणि आई? ती सेक्टरमधल्या कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये भांडी घासत असते. गृहस्थांच्या घरची बाई उद्या ‘बाबूजी, शाळेत चौकशी करून येते’ म्हणाली आणि दहाचा चहा बाराला मिळाला, तर जागरूक पालकांचं हे कौतुक किती टिकेल ते मला पाहायचं आहे. शिवाय विचारायचं म्हणजे काय विचारायचं, हे आधी माहीत असावं लागतं. जी आई कधी शाळेत गेली नाही ती ‘वाचन कुठवर आलं’ असं विचारणार नाही. ती ‘पोरगं त्रास तर देत नाही ना?’ एवढंच विचारेल, बाई ‘नाही’ म्हणतील, आणि दोघी समाधानाने आपापल्या वाटेने जातील.

गृहस्थ स्वतः प्लँटमध्ये शिफ्ट-इनचार्ज होते. पाळी संपताना लॉगबुक न लिहिता, पुढच्या माणसाला भट्टीची अवस्था न सांगता ते कधी गेटबाहेर पडले असते का? ‘त्याला काळजी असेल तर विचारेल’ असं तिथे म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी हातात कागद पडला असता.

बाईंचं ते काम नाही म्हणता, तर कायदा बघा. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगणं हे त्यांतलंच एक.

इथे एक जुनं भांडण निघतंच. याच कायद्याने आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, तेव्हा हेच लोक ‘ढकलगाडी, ढकलगाडी’ म्हणून ओरडले होते. सहावीतल्या मुलाला वाचता येत नाही, हे बापाला सहावीत कळतं, अशी त्यांची तक्रार. तक्रार खरी होती. पण नापासाचा शिक्का हा बापाला कळवण्याचाच एक प्रकार होता, क्रूर आणि वर्ष वाया घालवून केलेला. कायद्याने तो काढला आणि त्याच्या जागी बोलायला माणूस ठेवला. आपण शिक्का गेला म्हणून गळा काढला आणि माणसाला बोलू दिलं नाही. पुढे 2019 मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची वाट पुन्हा उघडली. तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच आज पहिलीतल्या बाईंना गप्प बसा म्हणतात.

मोबाईलच्या ग्रुपची कटकट होते, हे कबूल. ती मुख्यतः ‘शुभ सकाळ’ पाठवणारे आजोबा करतात.

बाईंवर कामाचा बोजा आहे, हेही कबूल. मग त्यांना भरावे लागणारे बाकीचे रकाने कमी करा.

आणि घरोघर जाणं हे फॅड म्हणाल, तर ते फॅड आपल्या घरचंच आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘येतील तेव्हा शिकवू’ म्हणत त्या बसल्या नाहीत. इथे छत्तीसगडमध्येही 2020 च्या टाळेबंदीत ‘पढई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू झाली. फोन नसलेल्या घरांचं काय, हा प्रश्न लगेच पुढे आला आणि गुरुजी पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे वस्तीवस्तीत, पोचले. तेव्हा याला कुणी लाड म्हटलं नाही.

मग बाईंनी सांगावं काय? फार नाही. शाळा कधी उघडते ते: 2024 मध्ये उन्हामुळे सुरुवात 26 जूनवर गेली, तेव्हा वर्तमानपत्र न येणाऱ्या घराने कुणाला विचारायचं होतं? पुस्तकं आणि गणवेश फुकट आहेत, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका, हे. कुठले कागद लागतील, ते एकदाच, तुकड्यातुकड्यांनी नाही. आणि दिवाळीपर्यंत मुलाला काय वाचता यायला हवं, हे एका वाक्यात, हिंदीत किंवा छत्तीसगढीत, वाचून दाखवून. सभा दोन वेळा ठेवावी, एक दुपारी अडीचनंतर आणि एक रविवारी. रविवारच्या बदल्यात बाईंना रजा मिळावी. ती आदेशातच लिहिलेली असावी, त्यांना मागायला लावू नये.