दोन पोरं बोलवा!

'ही बोट एकट्याने चालवता येते' हे वाक्य छोट्या कॅटामरानच्या जाहिरातींत जगभर असतं. वाक्य खोटं नाही, पण ते पाण्यात शिरल्यानंतरचं आहे. पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्यावर डोलकाठी उभी करावी लागते, आणि तिथे या 'एकट्याला' सर्रास सल्ला मिळतो: दोन पोरं बोलवा.

माझं म्हणणं सरळ आहे. जी बोट एकट्याने चालवण्यासाठी विकली जाते, तिची डोलकाठी साधारण ताकदीच्या एका माणसाला सुरक्षितपणे उभी करता आली पाहिजे. ती येत नसेल, तर कमतरता माणसात नाही, सामानात आहे. आणि 'दोन पोरं बोलवा' हा सल्ला ती कमतरता झाकायचं काम करतो.

उदाहरण होबी १६चं घेऊ. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर होबी आल्टर यांनी वाळूवरून लाटांत ढकलता येतील अशा हलक्या कॅटामरान लोकांच्या हाती दिल्या. दोन अरुंद सांगाडे, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि मध्ये ताणलेलं कापड, म्हणजे ट्रॅम्पोलीन. बोटीची लांबी साधारण साडेसोळा फूट, डोलकाठी साडेसव्वीस फुटांच्या आसपास. म्हणजे बोटीपेक्षा काठी दहा फूट लांब. सगळी गोम इथे आहे.

काठीचा पाया पुढच्या दांड्यावर बिजागरीत अडकवतात आणि काठी मागच्या बाजूला आडवी ठेवतात. मग माणूस ट्रॅम्पोलीनवर चढतो, काठी खांद्यावर घेतो आणि पुढे चालत ती उभी करतो. हिशेबासाठी तारांसकट काठीचं वजन २० किलो धरू आणि लांबी ८ मीटर. वजनाचा मध्य पायापासून ४ मीटरवर. पण ट्रॅम्पोलीनवर उभ्या असलेल्या माणसाचा हात पायापासून जेमतेम २ मीटरवर पोचतो. म्हणजे २० किलोंची काठी त्याच्या हाताला ४० किलोंची लागते. तेही हलणाऱ्या, दबणाऱ्या कापडावर उभं राहून.

बाजूला धरणाऱ्या तारा यात मदत करत नाहीत. त्या बिजागरीच्या मागे जोडलेल्या असतात, त्यामुळे काठी जवळपास उभी होईपर्यंत त्या सैलच राहतात. ज्या टप्प्यात काठी डावी-उजवीकडे कलंडण्याची भीती सर्वांत जास्त, त्याच टप्प्यात तिला धरणारं कोणी नसतं. काठी उभी झाली तरी सुटका नाही: पुढची तार जोडेपर्यंत तिला पुढे ओढून धरायचं आणि त्याच वेळी तारेचा खिळा बसवायचा. माणसाला हात दोनच.

आता कोणी म्हणेल, मग ताकद कमवा. या म्हणण्यात मर्दुमकी आहे, अक्कल नाही. हा प्रश्न ताकदीचा नाहीच, तरफेचा आहे. काठीला वरच्या बाजूला दोरी बांधून बोटीच्या नाळेकडून नुसती ओढून पाहा. आडव्या काठीत आणि दोरीत कोनच नसतो, त्यामुळे पैलवान लावला तरी काठी उठत नाही, फक्त पायात दाबली जाते. तिथेच काठीच्या पायाशी २ मीटरचा एक दांडा काटकोनात उभा करा आणि दोरी त्याच्या टोकावरून न्या. कोन मिळाला. वरच्याच हिशेबाने नाळेकडच्या दोरीवर साठेक किलोंचा ताण येतो. मोठ्या शिडाच्या दोरीसाठी सहापट कप्प्यांचा संच बऱ्याच बोटींवर असतोच. तोच इथे लावला, तर हाताशी उरतात १० किलो, घर्षण धरून १५. म्हणजे पाण्याने भरलेली एक बादली. ती आपल्याकडे कोण उचलतं, हे सांगायला नको.

या दांड्याला इंग्रजीत जिन पोल म्हणतात आणि ही युक्ती जुनी आहे. काठीला आणि दांड्याला दोन्ही बाजूंनी बिजागरीच्या रेषेत बांधलेल्या तात्पुरत्या दोऱ्या लावल्या, की त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताठ राहतात आणि कलंडण्याचा धोकाही जातो. ओढायची दोरी खुंटीला अडकवली, की पुढची तार निवांत जोडता येते. एक दांडा, चार दोऱ्या, असलेल्याच कप्प्या. मग हे सामान बोटीसोबत का येत नाही? कारण 'दोन पोरं' फुकट मिळतात असं गृहीत धरलेलं असतं.

आपल्याकडे हे गृहीतक आणखी घट्ट आहे. सेलिंग क्लबात बोटीला हात लावायला माणसं हजर असतात. ती डोलकाठी उभी करतात, बोट पाण्यात ढकलतात. मग 'एकट्याने' निघालेल्याचा फोटो निघतो. काठी घसरली, तर ती कोणाच्या खांद्यावर पडते? फोटोतल्याच्या नक्कीच नाही. हात स्वस्त असतात तिथे अवजार सुधारत नाही. हमाल मिळतो म्हणून आपण चाकांची गाडी वापरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काठी उचलता येत नाही, तर उलटलेली बोट एकट्याने सरळ कशी करणार? होबी १६ उलटली, तर ती सरळ करायला वजन लागतं आणि हलक्या माणसाला ते कमी पडतं, हे खरं आहे. पण यावरचे उपाय बघा: पाण्याने भरून दोरीला टांगायची पिशवी, किंवा माणसाचं वजन बोटीपासून लांब नेणारा दांडा. पुन्हा तरफच. हा आक्षेप माझ्या बाजूने साक्ष देतो. पाण्यावरच्या अडचणीसाठी अवजार मान्य आहे, मग किनाऱ्यावरच्या अडचणीसाठीच ते कमीपणाचं का?

तिसरा आक्षेप भला आहे: माणसाने माणसाची मदत घ्यावी, एकटेपणाचं एवढं कौतुक कशाला? मदत जरूर घ्यावी. पण मागता येणं वेगळं आणि मागितल्याशिवाय गत्यंतर नसणं वेगळं. शिवाय एकहाती म्हणजे कोणाच्याही मदतीविना, असा अर्थ कधीच नव्हता. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती न थांबता पूर्ण केली. दोघांची बोट एकच, 'म्हादेई', आणि ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. बांधणाऱ्यांची मदत प्रत्येक दोरीत आणि कप्पीत होती. चांगलं अवजार म्हणजे दुसऱ्याने आधीच करून ठेवलेली मदत.

बनवणाऱ्याने जबाबदारी घेतली की काय होतं, याचं उदाहरण याच बोटीत आहे. ॲल्युमिनियमच्या उंच डोलकाठ्या विजेच्या तारांना लागून माणसं दगावली, कोर्टात दावे झाले. 'वर बघून चाला' एवढ्यावर भागेना, तेव्हा होबीने काठीचा वरचा भाग वीज वाहून न नेणाऱ्या पदार्थाचा केला. वर बघणं आजही आवश्यक आहे. काठी उभी करण्याआधी, आणि काठी उभी असताना बोट हलवण्याआधीही. पण माणूस चुकणार हे धरून वस्तू बदलली. तोच न्याय माणसाच्या ताकदीला लावा.

म्हणून बोट घेणाऱ्यांनी दुकानात शिडाचा रंग विचारण्याआधी विचारावं: काठी एकट्याने उभी करायचं सामान किमतीत आहे का? असेल तर इथे, आत्ता, एका माणसाकडून करून दाखवा. क्लबांनी गाठी शिकवतात त्याच आठवड्यात जिन पोल शिकवावा. पन्नास किलोंच्या मुलीला आणि साठीच्या गृहस्थाला आधी. आणि वारा जोरात असेल, तर दांडा असो वा दहा पोरं, काठी आडवीच राहू द्यावी.