गाव बदलले की माणूस परका होतो काय?



दसरा झाला की आपल्या वाड्या-तांड्यांवरच्या दारांना कुलपे लागू लागतात. कापसाच्या दोन वेचण्या होतात, आलेला पैसा कृषी केंद्रवाल्याच्या वहीत जातो. ओल असली तर ज्वारी पेरायची, नसली तर रान तसेच टाकायचे आणि मुकादमाची उचल फेडायला कारखान्याचा रस्ता धरायचा. बीड, पाथर्डीकडची माणसे सांगली-कोल्हापूरच्या फडात जाऊन पडतात. घरी उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. हे आता संकट राहिलेले नाही, कोरडवाहू शेतीच्या तोट्याचा तो दरसालचा हिशेब झाला आहे.

भावाबद्दल आम्ही नेहमीच लिहितो. आज विचारायचे आहे ते वेगळे: माणूस गाव सोडतो, तेव्हा त्याचा सरकारी दवाखाना त्याच्याबरोबर जातो काय?

मागच्या हंगामाची गोष्ट. सातव्या महिन्यातली एक बाई फडावरून तीन कोस चालत दवाखान्यात गेली. तिला विचारले, "गाव कोणते?" तिने सांगितले. उत्तर आले, "मग तुमचे नाव तिकडे असेल, तिकडेच जा." तिकडे म्हणजे अडीचशे किलोमीटरवर! बाई परत आली आणि दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधायला लागली. पुढे बाळंतपण खोपीतच झाले. माय-लेक वाचले हे नशीब. पण आरोग्यखाते नशिबावर चालवायचे असेल, तर खाते हवे कशाला?

नर्सबाईंना शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नाही. खात्याचा हिशेबच मुक्कामी वस्तीवर बसवलेला आहे. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजारामागे एक आशा. डोंगरी आणि आदिवासी भागात हे आकडे कमी, पण पद्धत तीच. आपले निम्मे गाव उठून गेले तरी आपल्या उपकेंद्राच्या वहीत ते भरलेलेच दिसते. तिकडे कारखान्याच्या तळावर हजारो माणसे उतरतात, ती कोणाच्याच वहीत नसतात. वहीत नाही त्याची लस आणि गोळ्या कोण मागवणार?

मिरचीचे रोप वाफ्यातून काढून रानात लावले की पहिले पाणी त्याच दिवशी द्यावे लागते. मुळे धरेपर्यंत थांबू, मग देऊ, असे म्हटले तर रोप जळते. नव्या ठिकाणी गेलेल्या माणसाचेही तसेच आहे. बाळाचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. ते हंगाम संपायची वाट पाहत नाहीत. क्षयाचे औषध सहसा सहा महिन्यांचे, आणि उसाचा हंगामही जवळपास तेवढाच. मध्येच औषध तुटले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, हे अर्धवट फवारणी केलेल्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आपण भीक मागत नाही. १९९२ साली बंगालमध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा एक सभासद आगगाडीतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खासगी दवाखान्यात पैसे मोजून जीव वाचवावा लागला. समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. शेतमजुरांच्या संघटनेने मिळवलेला हा निकाल आहे. तो आपलाही आहे.

सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, अगदी पोट फाडून करावे लागले तरी, २०११ पासून देशभर मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नाहीत. लस कोणत्याही गावी मिळते. क्षयरोग्याची नोंद नव्या केंद्राकडे पाठवता येते. म्हणून निघताना भाकरीच्या फडक्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड, औषधाचे कागद आणि रेशनकार्डाची प्रत बांधा. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तळावरच्या सगळ्यांनी मिळून तिथल्या आशाताईला गाठा. एकटी बाई परत पाठवली जाते. पन्नास माणसे पाठवता येत नाहीत.

आता एक कडू गोष्ट. विदर्भात आपल्याच कापसाच्या वेचणीला मध्य प्रदेशातून कुटुंबे येतात. ती आपल्या गोठ्यात, धुऱ्यावर राहतात. त्यांच्या पोराला ताप आला तर आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आशाताईला कळवले? किलोचा भाव ठरवला, की आपली जबाबदारी संपली असे आपणही मानतो. कारखान्याच्या गावाने आपल्या बाईला परके मानले याचा राग येतो, तो राग खरा असेल तर सुरुवात आपल्या धुऱ्यापासून व्हायला हवी.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवत आहोत. हंगामात कारखान्याच्या तळांवरची माणसे मोजून तिथे जादा परिचारिका आणि औषधसाठा द्यावा. माणूस जिथे झोपतो तिथल्या केंद्रात त्याची नोंद, रहिवासाचा दाखला न मागता, व्हावी. आणि वेचणीला आलेल्या कुटुंबांची यादी आपल्या प्रत्येक शाखेने आठ दिवसांत आपल्या उपकेंद्राला द्यावी. पहिल्या दोन मागण्या सरकारकडे आहेत. तिसरी आपल्याकडे आहे, तिच्यासाठी मोर्चा लागत नाही.