संगणकाचा हजेरीपट

घरातील एखादी वस्तू पुरती मोडली, म्हणजे तिच्याविषयी निर्णय करणे फारसे अवघड नसते. ती दुरुस्त करावी किंवा टाकून द्यावी. अवघड असते ते अधूनमधून बिघडणाऱ्या वस्तूचे. शाळेत जो विद्यार्थी मुळीच येत नाही त्याचे नाव पटावरून कमी करता येते, आणि जो रोज येतो त्याच्याविषयी प्रश्नच उद्भवत नाही. मुख्याध्यापकाला त्रास असतो तो आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्याचा. कारण चौकशीला घरी जावे तर नेमका त्याच दिवशी तो वर्गात बसलेला असतो! २०२४च्या नोव्हेंबरअखेरीपासून आमच्या घरच्या संगणकाने हेच वर्तन आरंभिले.

हा संगणक २०१४ साली आमचे चिरंजीव महाविद्यालयात असताना सुटे भाग आणवून जुळवलेला. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास गेले आणि संगणक वारसाहक्काच्या उलट्या दिशेने आमच्याकडे आला. दर खंडेनवमीला त्याच्या पेटीला हळदकुंकू लागते. त्यातले थोडे आतल्या पंख्यालाही लागत असावे. असो. या सदराची मुद्रणप्रत आम्ही त्याच्यावरच करतो. परंतु तो आम्हांस प्रिय होता तो त्यासाठी नव्हे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम घडले ते असे. सकाळी सहाला बटण दाबले की आतला पंखा अर्धा गिरका घेई, दिवा क्षणभर लुकलुके आणि सारे शांत. पुन्हा दाबावे, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेस, तर कधी पाव तासाने, तो असा सुरू होई की जणू काही झालेच नाही. आणि एकदा सुरू झाला म्हणजे दिवसभर तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच दाबास चालू. तिसऱ्या दिवशी पुन्हा रुसलेला.

आम्ही भाषेचे विद्यार्थी. विजेचे ज्ञान फ्यूज बदलण्यापुरते. तेव्हा ज्याने जे सांगितले ते केले. वायरमन म्हणाला, एक्स्टेन्शन बोर्ड सैल झाला आहे. पिन खरोखरच त्यात डुगडुगत होती. तो बदलला आणि संगणक सलग दोन दिवस नीट सुरू झाला. आम्ही वायरमनची स्तुती चारचौघांत करून चुकलो, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पूर्वपदावर आलो. मग शेजारच्या मुलाने पेटी उघडून रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या रबराने घासले आणि "काका, आता बघा" म्हणाला. दुसऱ्या दिवशी संगणक चालू! त्यास आम्ही सराफ्यात नेऊन गरम जिलेबी खाऊ घातली. जिलेबी पचण्यापूर्वीच संगणक पुन्हा बंद. येथे एक गोष्ट आमच्या ध्यानात यावयास हवी होती, ती आली नाही. जो दोष आपणहून दोन दिवस नाहीसा होतो, त्याच्यावर केलेला कोणताही उपाय दोन दिवस गुणकारीच ठरतो.

अखेर पेटी रिक्षात घालून दुकानी नेली. दुकान कोणते हे सांगण्यात स्वारस्य नाही. दुपारी बाराची वेळ. तेथील गृहस्थांनी बटण दाबले आणि संगणक तत्काळ सुरू! बंद करून पुन्हा दाबले, पुन्हा सुरू. वैद्याच्या दारात ताप उतरतो, त्यातला प्रकार. तरीही त्यांनी निदान केलेच: "सर, विंडोज करप्ट है। फॉर्मेट मार देते हैं, शाम तक ले जाइए।"

आम्ही "ठीक है" म्हणून पायरी उतरलोही होतो. मग पाय थबकला. फॉर्मेट म्हणजे डिस्क पुसणार काय, असे विचारले. ते म्हणाले, तसे कधी कधी होते, महत्त्वाचे काही असेल तर सांगा.

होते. आमच्या मातोश्री खानदेशातून लग्न होऊन इंदुरास आल्या, त्या जात्यावरच्या ओव्यांचे गाठोडे घेऊन. जाते साठ वर्षांपूर्वीच अडगळीत गेले; ओव्या त्यांच्या तोंडी राहिल्या. २०१८च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना ओसरीवर बसवून मोबाइलवर तेवीस ध्वनिमुद्रणे केली आणि ती संगणकात ठेवली. पुढे तो मोबाइल निकामी झाला, आणि २०२१ साली मातोश्रीही गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत, हे मराठीचा अध्यापक म्हणून आम्हांस ठाऊक होते. परंतु इंदुरात राहणाऱ्या एका खानदेशी बाईचा आवाज त्या संग्रहात कोठून असणार? तो जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण आम्ही स्वहस्ते पुसावयास देऊन निघालो होतो.

पेटी परत घेतली. त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याकडे दिवसाला अनेक पेट्या येतात आणि बहुतेकांत केवळ चित्रपट असतात. घरी आल्यावर संगणक सुरू झाला, आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही काम न करता ती तेवीस मुद्रणे आम्ही एका पेनड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. पेनड्राइव्ह धाकट्या बहिणीला जळगावास रजिस्टर पोस्टाने धाडला. अधूनमधून सुरू होणाऱ्या यंत्राची हीच एक मेहेरबानी असते. ते सुरू असेल त्या घटकेला आधी आतले सामान बाहेर काढावे, चिकित्सा मागाहून. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

आता मन स्वस्थ झाले, आणि मुख्याध्यापकाची जुनी खोड जागी झाली. आम्ही एक वही घातली. तारीख, वेळ, कितव्या दाबास सुरू झाला, काय दिसले, काय ऐकू आले, असे रकाने आखले. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि ती लिहून ठेवावयाची, हा नियम केला. दहा दिवसांच्या नोंदींत सहा वेळा रुसवा. वार पाहिले, वेळ पाहिली, संगती लागेना.

बारीक नजरेने पाहिल्यावर एवढे मात्र कळले की दुकानातले निदान चुकीचे होते. बटण दाबल्यावर संगणक जागा होतो तो टप्प्याटप्प्याने. आधी एसएमपीएस, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करणारी पत्र्याची पेटी, कामास लागते. विजेचे हे दाब स्थिर झाले की ती मदरबोर्डला तसा इशारा देते. मग प्रोसेसर जागा होतो, रॅम तपासली जाते, पडद्यावर कंपनीचे नाव उमटते, आणि त्यानंतर कोठे डिस्कवरून विंडोज येते. ज्याचा पंखा अर्ध्या गिरक्यातच थांबतो, त्याची मजल विंडोजपर्यंत गेलेलीच नसते. पाहुणा फाटकातूनच परतला, तर स्वयंपाक बिघडला होता असे कसे म्हणावे?

ज्या वाचकांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांनी आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर होतो तेवढे पाहावे. पंखे नीट फिरतात पण पडदा काळाच राहतो, तर मॉनिटरची वायर आणि रॅम यांकडे वळावे. त्या प्रसंगी रबराचा उपाय खरोखर कामास येतो, मात्र पेटीची पिन काढून आणि पेटीच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. कंपनीचे नाव येऊन पुढे गाडी अडते, तर डिस्क किंवा विंडोज. डिस्क टकटक करू लागली असेल तर मात्र एकही खेप वाया न घालवता सामान हलवावे.

आमचा बिघाड पहिल्याच टप्प्यावरचा होता. पण रोज का नव्हे?

हे कोडे आमच्या सौभाग्यवतींनी सोडवले. एका सकाळी आम्ही वहीत डोके खुपसून बसलो असता त्या चहा ठेवीत म्हणाल्या, "अहो, यात भिंतीवरच्या बटणाचा रकाना कुठे आहे?"

"कसले बटण?"

"रात्री झोपताना मी ते बंद करते ना. तुम्ही उशिरापर्यंत लिहीत बसलात की राहून जाते."

तीस वर्षांच्या संसारात हे बटण कोण बंद करते याचा आम्ही कधी विचार केला नव्हता! नवा रकाना आखला. पुढील आठ दिवसांत पाच रात्री बटण बंद होते. त्या पाचही सकाळी संगणक रुसला. तीन रात्री चालू होते. तिन्ही सकाळी तो पहिल्या दाबास उठला. बटण तर त्या ऑक्टोबरातही बंद करीत असत आणि तेव्हा कुरकुर नव्हती. पण तेव्हा थंडीही नव्हती. इंदुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि आमची लिहिण्याची खोली उत्तरेची.

तरी एक शंका उरली. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. भिंतीवरची वीज तुटली की घड्याळ आणि मूळ सूचना तोच सांभाळतो. तो संपला असता तरी बिघाड बटण बंद केलेल्या रात्रीनंतरच दिसला असता. परंतु तसे असते तर संगणकातले घड्याळ मागे पडले असते. आमचे बरोबर वेळ दाखवीत होते. खात्रीसाठी सेल बदलला. फरक नाही, तशी नोंद केली.

उरला एसएमपीएस. त्यातल्या कपॅसिटरांत एक द्रव असतो. वर्षांमागून वर्षे उष्णतेने तो सुकत जातो, आणि थंडीत उरल्यासुरल्याचाही जोर ओसरतो. भिंतीवरचे बटण चालू असले की संगणक बंद असतानाही एसएमपीएसचा एक लहानसा भाग जागा असतो आणि किंचित उबदार राहतो. बटण बंद केले की तोही थिजतो. हे खरे असेल तर बटण नुसते चालू करून वाट पाहणे पुरे व्हावे, असा आम्ही तर्क केला. बंद रात्रीनंतरच्या दोन सकाळी भिंतीवरचे बटण लावले आणि संगणकाला हात न लावता वीस मिनिटे वर्तमानपत्र वाचीत बसलो. दोन्ही दिवशी तो पहिल्या दाबास सुरू झाला.

शेजारच्या मुलाने आपला एसएमपीएस आठवडाभर उसना दिला. (शाळेत संगणक आहेत, पण ते सरकारी, त्यांचा स्क्रूसुद्धा घरी आणणे नाही.) पाच बंद रात्री, पाच थंड सकाळी, पाचही वेळा संगणक पहिल्या दाबास चालू. तेव्हा रवींद्रनाथ टागोर मार्गावर जाऊन अडीच हजारांच्या आत नवा आणला. जुना उघडून आतले कपॅसिटर पाहावेत असा मोह झाला होता. शेजारच्या मुलाने हात धरला. पिन काढल्यावरही त्या पेटीत सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा भार काही काळ टिकू शकतो. ती पेटी घरी उघडू नये. जुनी झाली की बदलावी.

चिरंजीवांना फोनवर हे सारे सविस्तर सांगितले. त्यांचे म्हणणे, "बाबा, त्यापेक्षा नवा लॅपटॉप घेतला असता तर?" प्रश्न रास्त होता. आम्ही उत्तर दिले नाही.

बहिणीचा फोन त्यापूर्वीच येऊन गेला होता. तिने पेनड्राइव्ह लावून तेवीसही मुद्रणे एका बैठकीत ऐकली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, सातव्या मुद्रणात मधेच आई कोणाला तरी 'दूध उतू जाईल' म्हणून ओरडते. ते काढून टाकू नकोस हं."

काढले नाही. सौभाग्यवती अजूनही रात्री बटण बंद करतात, संगणक सकाळी पहिल्या दाबास उठतो, आणि वहीची उरलेली पाने दूधवाल्याच्या हिशेबाला लागली आहेत.