आधी वर्णन, मग नाव

आसाममधल्या आमच्या तळावर व्हरांड्यातला दिवा लागला की किड्यांची हजेरी सुरू होते. परवा एक तपकिरी, त्रिकोणी पंखांचा किडा भिंतीवर बसला. ‘पतंग आहे,’ मी छातीठोकपणे सांगितलं. बोट पुढे केलं, तर टुणकन उडी मारून तो दिसेनासा झाला. पतंग अशी उडी मारत नाही.

दुसऱ्या रात्री भिंग घेऊन बसलो. पंखांवर पतंगाची पूड नव्हती. सोंड गुंडाळलेली नव्हती. सुईसारखी, पायांच्या मधून मागे दुमडलेली होती. मिशा शोधाव्या लागल्या, इतक्या बारीक, आणि त्याही डोळ्यांच्या खाली. म्हणजे हा तुडतुडा. भंडारा-गोंदियाच्या धानकऱ्यांना पिडणाऱ्या तपकिरी तुडतुड्याचा भाऊबंद.

गडद पंखांवर काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक ठिपके होते. फोनवर चित्रं चाळली आणि नाव सापडलं: रिकॅनिया स्पेक्युलम. स्पेक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये आरसा. फ्रान्सिस वॉकरने १८५१ मध्ये ही जात नोंदवली. फोटोखाली नाव टाकून मोकळा होणार होतो, तेवढ्यात एक जुनी पहाट आठवली.

तेव्हा मी कॅप्टन होतो, ईशान्येतच. धुक्यात नाक्यावरच्या जवानाने सेटवर कळवलं, ‘दोन हत्यारबंद येतायत.’ मी तुकडीला सज्ज व्हायला सांगितलं. शेजारच्या हवालदारांनी माझी परवानगी घेऊन सेट हातात घेतला. ‘काय दिसतंय ते सांग. काय वाटतंय ते नंतर.’ उत्तर आलं: दोन माणसं, एक उंच, एक ठेंगणा. खांद्यावर लांब काहीतरी. चाल सावकाश. थोड्या वेळाने: ठेंगणा म्हणजे लहान पोर आहे.

बाप-लेक बांबू घेऊन निघाले होते. ‘हत्यारबंद’ हा शब्द मी जसाच्या तसा गिळला होता. खडकवासल्यात तीन वर्षं जे घोटवून घेतलं होतं, ते एका शब्दाने पुसलं गेलं.

म्हणून या किड्याचं नाव बाजूला ठेवलं आणि वहीत वर्णन लिहिलं. ठिपके किती, कोणते पंखाच्या कडेला टेकतात, कोणते आत आहेत, दोन्ही पंखांवर सारखे आहेत का, पंखाची लांबी किती मिलिमीटर. मग लक्षात आलं की या कुळात असे खिडकीवाले पंख अनेकांचे असतात, एकाच जातीतही ठिपके थोडे कमी-जास्त होतात, आणि पुष्कळदा शेवटचा निकाल नराच्या पोटाच्या टोकाशी असलेले अवयव तपासूनच लागतो. पंखावरची नक्षी म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो. बोटांचे ठसे नव्हेत. शेवटी लिहिलं: ‘रिकॅनिया, बहुधा स्पेक्युलम. जात नक्की नाही.’

कुणी म्हणेल, किड्याचं नाव चुकलं म्हणून काय बिघडतं? किड्याचं काहीच नाही. पण बघायची सवय एकच असते; ती किड्यासाठी वेगळी आणि माणसासाठी वेगळी ठेवता येत नाही. आता फोन क्षणात नाव देतो, आणि नाव मिळालं की डोळे बघायचं थांबवतात. माझ्या मते ‘नक्की नाही’ असं लिहिता येणं हा कमकुवतपणा नाही, ती शिस्त आहे.

ते हवालदार कधीच निवृत्त झाले. त्यांना किड्यांमधलं काही कळत नसावं. पण वही त्यांच्याच पद्धतीने भरतो आहे.