मोठ्या आकड्याचा मोह

दिवाळी आली की घरोघरी खरेदीची यादी होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानेही यंदा यादी केली आणि ती मला दाखवायला आणली. तीत ना कापड, ना फराळाचे सामान! होते ते सगळे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शोभणारे व्हॉल्व्ह आणि मायक्रोफोन. हा मुलगा माउथ ऑर्गनवर शिकागोच्या कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ संगीत वाजवतो. म्हणाला, “सर, एवढे घेतले की लिटल वॉल्टरसारखा सूर लागेल.” चौकशी करता कळले, चार महिने त्याने बाजाला हात लावलेला नाही. का? तर सामान यायचे आहे!

हा राग त्या पोरावर नाही. त्याला ही यादी करून देणाऱ्या पंडितांवर आहे.

लुइझियानातून शिकागोत आलेल्या लिटल वॉल्टरने १९५२ साली ‘ज्यूक’ ध्वनिमुद्रित केली आणि ती कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत अव्वल ठरली. गिटार आणि ड्रमच्या गदारोळात दहा छिद्रांचा बाजा ऐकू जावा, एवढीच मुळातली गरज होती. म्हणून बाजा आणि माइक एकाच ओंजळीत गच्च धरायचे आणि फुंकायचे. कोंडलेला श्वास माइकवर आदळतो, व्हॉल्व्हवर ताण पडतो आणि आवाजाला ती रांगडी धार चढते. गरजेतून कला जन्मली. आज त्या गरजेचे सोवळे झाले आहे!

अ‍ॅस्टॅटिकचा जेटी-३० घ्या किंवा शुअरने १९४९ साली काढलेला ‘ग्रीन बुलेट’ घ्या. ही मुळात माणसाचे बोलणे पोचवण्याची साधी उपकरणे. आज जुना नग मिळाला की लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे ठेवतात. त्यातून जुन्या जेटी-३० मध्ये असतो रोशेल क्षाराचा स्फटिक. त्याला उष्णता सोसत नाही आणि ओल तर मुळीच नाही. मुंबईच्या पावसाळ्यात असला देव मुका झाला, तर दोष कोणाला द्यायचा?

पण खरा मोह व्हॉल्व्हचा. पंडित सांगतात, पहिल्या जागी १२एएक्स७ बसवा. त्याचा वर्धनांक १००! १२एवाय७ चा सुमारे ४४ आणि १२एयू७ चा २० च्या आत-बाहेर. परीक्षेत १०० गुण मिळवणारा मुलगा हुशार, तसा १०० आकड्याचा व्हॉल्व्ह उत्तम, असा हा हिशेब! गणेशोत्सवाच्या मांडवात लाउडस्पीकर अचानक किंचाळतो, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, म्हणून ते होते. ओंजळीतला माइक आधीच जोरकस. पुढे १०० चा व्हॉल्व्ह ठेवला, तर आवाजाची कळ थोडी फिरवताच ती किंकाळी सुरू होते. आकडा लहान असला, की कळ आणखी पुढे नेता येते. मग शेवटचे मोठे व्हॉल्व्हही कामाला लागतात आणि सूर भरतो. गंमत अशी, की हार्मोनिकावाले ज्याची शपथ घेतात, त्या फेंडरच्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ‘बासमन’मध्ये कारखान्यानेच पहिल्या जागी १२एवाय७ बसवला होता. आणि तो ॲम्प्लिफायर बनवला होता बास गिटारसाठी!

मग वस्तूला काही मोलच नाही का? आहे. नाही म्हणणारेही ढोंगी. तिन्ही व्हॉल्व्हच्या टाचण्या सारख्या, म्हणून ते एकमेकांच्या जागी बसतात. ॲम्प्लिफायर बंद करून, थंड झाल्यावर थोडक्या पैशांत बदल करून पाहता येतो. माइक मात्र दुसऱ्याच्या कीर्तीवरून घेऊ नये, आपल्या पंजावरून घ्यावा. जो ओंजळीत मावत नाही, तो कितीही नामांकित असो, कामाचा नाही. बोटांच्या फटीतून श्वास निसटला, की बाजारातला कोणताही व्हॉल्व्ह तो परत आणून देत नाही.

मी त्या यादीवर लाल शाई फिरवली. एक १२एवाय७ ठेवला आणि हातात बसणारा एक मजबूत, साधा माइक. बाकी सारे खोडले. मग म्हटले, “खिशातला बाजा काढ.” त्याने काढला. माइक नाही, व्हॉल्व्ह नाही. नुसती ओंजळ मिटली, उघडली. आणि माझ्या ओसरीवर सूर हलला.

चार महिने हा सूर कोणत्या दुकानात अडकला होता, ते पंडितांनी सांगावे.