चांगुलपणाचा भाव

हर्णेच्या पुळणीवर मासळीचा लिलाव पाहत वाढणाऱ्या मुलाला भाव म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने शिकवावे लागत नाही. सोबत्याला पेन्सिल दिल्याबद्दल त्याला वर्गात पाच गुण मिळू लागले, तर गुणांवाचून तो पेन्सिल कशाला देईल?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीला मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु दोन-दोन इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींच्या हाती मग राहिले काय? भिंतीवरचा गुणतक्ता या अडचणीतून येतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. मात्र मूल जे आपण होऊन करते, त्याला किंमत लावणे धोक्याचे. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या काही बालकांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखविले. पुढे ती बालके इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. ज्यांना प्रशस्तिपत्र अवचित मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. गुरुजींची न ठरविता दिलेली शाबासकी ती हीच!

तक्ता लावायचाच तर वेळेवर येणे, वही आणणे एवढ्यापुरता लावावा आणि सवय जडताच उतरवावा. होडी किनाऱ्याला लागताच आईबरोबर टोपली उचलावयास जाणाऱ्या मुलीचे गुण त्यातून वजा करू नयेत.