पदक ठेवा बाजूला, शेरे वाचा

घरी केलेल्या बिअरचं कौतुक ऐकायला कुठल्या स्पर्धेत उतरावं लागत नाही. फुकटची बिअर पिणारा पाहुणा तिला नावं ठेवत नाही, आणि फारच प्रामाणिक असला तर 'जरा वेगळी लागते' एवढं म्हणून ग्लास खाली ठेवतो. पुढच्या खेपेला नेमकं काय बदलायचं, हे त्यातून कळत नाही. स्पर्धेत मात्र बाटली कोणाची हे ठाऊक नसलेले, यजमानाचं मन राखायची गरज नसलेले परीक्षक ती चाखतात आणि जे जाणवलं ते लिहून देतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना ही सोय सहज मिळते. घरच्या बिअरला संघराज्याची परवानगी देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. आज एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करविना करता येते. १९७९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि १९८५ मध्ये परीक्षक तयार करणारा 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम', म्हणजे बीजेसीपी. एवढं सगळं हाताशी असून बहुतेक स्पर्धक निकाल लागला की आधी गुण बघतात, पदक हुकलं तर परीक्षकांना बोल लावतात आणि शेऱ्यांचा कागद बाजूला टाकतात. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. खरं बक्षीस तो कागदच आहे. फक्त त्यावरच्या प्रत्येक वाक्यावर सारखाच विश्वास ठेवून चालत नाही.

या कागदावर एकूण ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या जाड-पातळपणाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. परीक्षक सहसा जोडीने बसतात. आधी एकमेकांशी न बोलता लिहितात, मग चर्चा करतात आणि दोघांच्या गुणांत फार अंतर पडलं असेल तर ते जवळ आणतात. म्हणजे अंतिम आकडा वाटाघाटीतून आलेला असतो, पण वर्णन प्रत्येकाने स्वतंत्रपणे केलेलं असतं. त्या वर्णनातही तीन तऱ्हेची वाक्यं एकमेकांत मिसळलेली दिसतात. 'लोण्याचा वास येतो' हे निरीक्षण झालं. 'जर्मन पिल्सनरमध्ये हा वास चालत नाही' हा स्टाइलच्या नियमावरून दिलेला निवाडा. आणि 'फर्मेंटेशनचं तापमान सांभाळा' हा कारणाचा अंदाज. पहिल्यावर सर्वांत जास्त विसंबावं, तिसऱ्यावर सर्वांत कमी. ही चाळणी लावली की स्पर्धांवरच्या बऱ्याचशा आक्षेपांचं उत्तर मिळतं.

नेहमीचा आक्षेप असा, की चव ही ज्याची त्याची गोष्ट, मग परीक्षकांचं काय खरं? या आक्षेपाला पुरावाही आहे. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ साली 'जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तिन्ही वेळा गुण एकाच पदकाच्या टप्प्यात ठेवणं साधारण दहांतल्या एका परीक्षकालाच जमलं. बिअरचे परीक्षक यापेक्षा फार वेगळे निघतील असं मानायला कारण नाही. पण हा पुरावा गुणांविरुद्धचा आहे. एखादा परीक्षक त्याच बिअरला सकाळी ३१ आणि दुपारी ३५ गुण देईल. म्हणून तिच्यातला हिरव्या सफरचंदाचा वास खोटा ठरत नाही. तो वास ॲसिटाल्डिहाइड या नावाच्या ठरावीक पदार्थाचा असतो आणि परीक्षकांना तो ओळखायला शिकवलेलं असतं. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच लिहिलं असेल, तर ते 'ज्याची त्याची चव' म्हणून सोडून देता येत नाही. एकानेच लिहिलं असलं तरी कागद टाकू नये. लोण्याचा वास देणारं डायअसिटिल काहींना थेंबभरही जाणवतं, काहींना जवळजवळ जाणवतच नाही, आणि बिअर करणारा स्वतः या दुसऱ्या गटातला असू शकतो.

कारणाच्या अंदाजाची गोष्ट वेगळी. परीक्षकासमोर फक्त ग्लास असतो. तुमचं पातेलं, पाणी, यीस्ट, तापमान यांतलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं. लोण्याचाच वास घ्या. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत बिअर थंड केली तरी तो येतो आणि बॅक्टेरिया शिरले तरी येतो. एकाला उपाय म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस बिअर थोडी उबेत ठेवणं, दुसऱ्याला नळ्या आणि तोट्या उघडून धुणं. यातलं कोणतं हे परीक्षक सांगू शकत नाही; बिअर करणारा मात्र पुढच्या खेपेला तपासू शकतो. थंड करण्याआधी दोन ग्लासांत नमुना काढायचा, दोन्ही झाकायचे, एक ग्लास ६०-७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, निववायचा आणि दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्या नमुन्यालाच लोण्याचा वास आला, तर यीस्टचं काम अजून बाकी आहे. बँडेडसारख्या वासाचंही तसंच. त्यावर 'स्वच्छता पाळा' असा शेरा मिळू शकतो, पण पुष्कळदा दोष नळाच्या पाण्यातल्या क्लोरामीनचा असतो. ते नुसत्या उकळण्याने नीटसं जात नाही. वीस गॅलन पाण्याला कॅम्पडेनची एक गोळी पुरते. म्हणजे सल्ला चुकला तरी निरीक्षण कामाचं राहतं, कारण शोध कुठून सुरू करायचा हे त्यानेच कळतं.

आता स्टाइलच्या नियमांबद्दल. पुस्तकाबरहुकूम बिअर करायची तर कल्पकतेला वाव काय, असं विचारलं जातं. पण कोणत्या स्टाइलमध्ये बाटली पाठवायची हे स्पर्धकच ठरवतो आणि कुठेच न बसणाऱ्या बिअरसाठी प्रायोगिक गटही असतो. स्टाइल सांगितली नाही तर शेऱ्याला अर्थच उरत नाही. केळ्याचा वास बव्हेरियन हेफेवाइत्सनमध्ये हवाच, पिल्सनरमध्ये तो दोष. भूप गातो म्हणून बसलेल्याने मध्यम लावला तर तो चुकला असंच म्हणावं लागतं, मग तोच मध्यम दुसऱ्या रागाचा प्राण का असेना. आणि हे नियम दगडावर कोरलेलेही नाहीत. गढूळ दिसणाऱ्या न्यू इंग्लंड आयपीएला बीजेसीपीच्या २०१५ च्या स्टाइल-पुस्तिकेत जागा नव्हती. बनवणारे त्यासाठी थांबले नाहीत, आणि २०२१ च्या पुस्तिकेत 'हेझी आयपीए' हा स्वतंत्र प्रकार आला.

एक आक्षेप मात्र निम्मा मान्य करायला हवा. कुरिअरच्या गाडीत तापलेल्या बाटलीत ओल्या पुठ्ठ्याची चव येऊ शकते, आणि ती परीक्षकाने टिपली तर दोष बिअर करणाऱ्याचा नसतो. त्यासाठी त्याच खेपेच्या दोन बाटल्या घरी थंड ठेवाव्यात आणि कागद हाती आला की तो समोर ठेवून एक उघडावी. शेऱ्यातला शब्द आणि जिभेवरची चव यांची गाठ तिथे पडते. पुढच्या वेळी तो दोष आपला आपल्यालाच ओळखता येतो, आणि ही ओळख पदकापेक्षा जास्त टिकते.

हे सगळं मंडळाच्या अंकात लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्या स्पर्धा. पाककृती असो की एकांकिका, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक जाहीर होतो, टाळ्या पडतात, आणि चौथ्याचं कुठे कमी पडलं हे त्याला कधीच कळत नाही. परीक्षकांनी आपसांत बोलण्याआधी प्रत्येकासाठी चार ओळी लिहाव्यात: काय जाणवलं, ते इथे का बसलं किंवा बसलं नाही, आणि सुचलाच तर उपाय. लोक दुखावतील, हा आक्षेप येईलच. म्हणून कागद ज्याचा त्याला पाकिटातून द्यावा. ज्याला राग येईल त्याने तो खुशाल फाडावा, पण फाडायला तरी हातात कागद मिळायला हवा.